तेरा अंशांचा कोन

मँचेस्टर विद्यापीठातल्या जॉर्ज रॉचेस्टर आणि क्लिफर्ड बटलर या दोघांनी १९४७ पर्यंत क्लाऊड चेंबरमधली सुमारे पाच हजार छायाचित्रं तपासली होती. वरून येणारे विश्वकिरण शिशावर आदळले की त्यातून काय काय उडतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्या ढिगाऱ्यातल्या दोन छायाचित्रांचा अर्थ मात्र लागेना. एकात रिकाम्या जागेतून अचानक दोन रेघा फुटल्या होत्या. तिथवर आलेला, न दिसणारा एखादा कण तिथेच दुभंगला असावा. दुसऱ्यात सरळ चाललेली रेघ मध्येच मोडली होती. फुटलेल्या कणाचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या हजारपटीच्या आसपास निघत होतं, आणि तेव्हाच्या यादीत असा कणच नव्हता. 'नेचर'मध्ये लेख आला, पण पुढे बराच काळ तिसरं छायाचित्र काही मिळेना. अखेर कॅलिफोर्नियातल्या कार्ल अँडरसन यांच्या गटाने यंत्र डोंगरावर चढवलं आणि १९५० मध्ये असे तिसांहून जास्त प्रसंग जाहीर केले, तेव्हा कुठे मँचेस्टरच्या त्या दोन चित्रांवर लोकांचा विश्वास बसला.

या कणांना पुढे 'स्ट्रेंज', म्हणजे विचित्र, म्हणू लागले. विचित्र होतं ते त्यांचं आयुष्य. दोन कणांच्या टकरीत ते भराभर जन्मत, पण मरायला त्यांना सेकंदाचा दहा अब्जावा भाग लागे. आपल्याला हा काळ क्षुल्लक वाटेल. पण ज्या बलाने ते जन्मले त्याच बलाने मेले असते, तर याच्या लाख कोटी पटींहूनही कमी वेळात संपले असते. म्हणजे जन्म देणारं बल एक आणि मारणारं दुसरंच. हे दुसरं म्हणजे दुर्बल बल.

निसर्गातल्या चार बलांमध्ये हे सगळ्यांत तऱ्हेवाईक. गुरुत्वाकर्षण ओढतं, विद्युतचुंबकीय बल ओढतं किंवा ढकलतं, प्रबळ बल अणुगर्भ बांधून ठेवतं. दुर्बल बल कणाचा प्रकारच बदलून टाकतं. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, म्युऑनचा इलेक्ट्रॉन होतो. सूर्य तळपतो तोही याच्याच जिवावर, कारण दोन प्रोटॉन जोडले जाताना त्यांतल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. आणि हे काम इतकं रडतखडत चालतं म्हणूनच सूर्याचं इंधन अब्जावधी वर्षं पुरतं. एन्रिको फर्मी यांनी १९३३-३४ मध्ये या बलाचं पहिलं गणित मांडलं. नंतर लक्षात आलं की न्यूट्रॉनचा क्षय असो वा म्युऑनचा, बलाची ताकद जवळजवळ तेवढीच भरते. त्यावरून असं मानायचा मोह झाला की हे बल सगळ्या कणांना सारखंच लागू होतं. मोह योग्य होता, पण हिशेब नीट जुळायला आणखी बरीच वर्षं जायची होती.

या कथेतला पहिला मोठा अध्याय लिहिणारा माणूस मुंबईहून गेलेला होता. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च होती. कुलाब्याची आजची वास्तू अजून व्हायची होती. केरळात जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन तिथे १९५२ ते १९५५ संशोधन सहायक होते. तिथून ते अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे डॉक्टरेटसाठी गेले. (मँचेस्टरच्या रॉचेस्टरांशी या गावाचा काही संबंध नाही.) ते तिथे असतानाच दुर्बल बलाच्या अभ्यासात धरणीकंप झाला. ली आणि यांग या दोन चिनी-अमेरिकी तरुणांनी १९५६ मध्ये शंका काढली की हे बल डावं-उजवं सारखं मानत नसावं. चिएन-शिउंग वू यांनी १९५६-५७ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये अतिशीत कोबाल्ट-६० वर प्रयोग करून ती शंका खरी असल्याचं दाखवलं. आरशातलं जग आणि आपलं जग या बलाच्या लेखी एक नाही, हे त्या दिवसापासून मानावंच लागलं.

मग या बलाचं नेमकं गणिती रूप कोणतं? तेव्हाचे प्रयोग एकमेकांशी भांडत होते. सुदर्शन आणि मार्शाक यांनी सगळी मोजमापं शेजारी शेजारी मांडली आणि धाडसी निष्कर्ष काढला: सर्वत्र एकच रूप चालेल, 'व्ही वजा ए' या नावाचं, फक्त चार प्रयोग चुकलेले असले पाहिजेत. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने छापील, मान्यवर प्रयोगांना चूक म्हणायचं, ही गोष्ट साधी नव्हे. पुढे ते प्रयोग पुन्हा झाले आणि खरोखरच चुकीचे ठरले. पण दोघांचा निबंध सप्टेंबर १९५७ मध्ये पादुआ-व्हेनिसच्या परिषदेत वाचला गेला आणि परिषदेच्या इतिवृत्तात अडकून पडला. दरम्यान रिचर्ड फाइनमन आणि मरे गेल-मान यांचा त्याच विषयावरचा लेख जानेवारी १९५८ च्या 'फिजिकल रिव्ह्यू'त आला, आणि सिद्धांत त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शोध सुदर्शन-मार्शाक यांचा, प्रसिद्धी आपण दिली, असं फाइनमन यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं. मान्य केल्याने पाठ्यपुस्तकं लगेच बदलत नाहीत, हेही खरं. शोध इतिवृत्तात ठेवायचा की नियतकालिकात पाठवायचा, हा प्रश्न कारकुनी दिसतो, पण सुदर्शनांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली.

आता बलाचं रूप एक झालं, पण ताकद एक होईना. म्युऑनच्या क्षयावरून जी ताकद निघे, ती न्यूट्रॉनकडे आल्यावर काही टक्क्यांनी कमी भरायची. ही तूट एखाद्या सुधारणेत खपवता आली असती. विचित्र कणांची गोष्ट वेगळी होती. त्यांचे क्षय अपेक्षेच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याने होत. सगळ्यांना सारखं लागू होणारं बल एका घराण्याला असं उपाशी का ठेवतं?

निकोला काबिब्बो हे रोमचे. १९६३ मध्ये ते जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत होते, वय अठ्ठावीस. त्यांनी दोन्ही तफावती एकत्र वाचल्या. समजा एका व्यापाऱ्याने एकच रक्कम दोन खात्यांत विभागून ठेवली आहे. पहिल्या खात्यात रुपयाला पाच पैसे कमी निघतात, दुसऱ्यात फक्त पाच पैसे निघतात. दोन्ही वह्या वेगवेगळ्या तपासणारा म्हणेल की इथे थोडी गळती आहे आणि तिथे दिवाळं. दोन्ही एकत्र ठेवणाऱ्याला कळेल की रुपया पुरा आहे. काबिब्बोंचं म्हणणं हेच होतं. दुर्बल बलाची ताकद पूर्ण आहे, पण ती साध्या कणांत आणि विचित्र कणांत विभागून येते. विभागणी ठरते एका कोनावर. त्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग पहिल्या खात्यात जातो, साइनचा वर्ग दुसऱ्यात. आणि या दोन वर्गांची बेरीज एकच असते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांनी दोन वेगळ्या प्रकारच्या क्षयांवरून कोन काढला आणि दोन्हींतून तो ०.२६ रेडियनच्या आसपास, म्हणजे पंधराएक अंश आला. आजच्या मोजमापांनुसार तो तेरा अंश आहे. साइन ०.२२५, तिचा वर्ग ०.०५. विसावा हिस्सा तो हाच.

कल्पना अगदी नवी होती असं नाही. गेल-मान आणि लेव्ही यांनी १९६० मध्ये एका तळटीपेत तिचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावरून पुढे काही वाद झाले. मला विचाराल तर तळटीप ती तळटीपच. काबिब्बोंनी तिला कणांची आठ-आठच्या गटांत मांडणी करणाऱ्या, त्या वेळच्या अष्टमार्गी सममितीच्या चौकटीत बसवलं, आकडे काढले, आणि न मोजलेल्या क्षयांची भाकितं केली.

एका गोष्टीचं आजही नवल वाटतं: हे सगळं क्वार्कच्या आधीचं. प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांचे घटक म्हणून गेल-मान आणि झ्वाइग यांनी क्वार्क मांडले १९६४ मध्ये. त्यानंतर काबिब्बोंचं म्हणणं फार सोप्या शब्दांत सांगता येऊ लागलं. अप, डाऊन आणि स्ट्रेंज असे तीन क्वार्क. वस्तुमानाच्या दृष्टीने डाऊन आणि स्ट्रेंज हे दोन स्वच्छ वेगळे कण. पण दुर्बल बल त्यांच्याकडे किंचित कलून पाहतं. त्याला जो कण दिसतो तो बराचसा डाऊन आणि थोडासा स्ट्रेंज असतो. अप क्वार्क या मिश्र कणाशी जोडी करतो. कागदावर दोन अक्ष काढा आणि ती चौकट तेरा अंशांनी फिरवा, झालं क्वार्क-मिश्रण. तेराच अंश का, सहा किंवा चाळीस का नाहीत, याला मात्र आजतागायत उत्तर नाही.

एक मिश्र कण झाला तर त्याच्याशी काटकोनात दुसराही असणार. त्याची जोडी कोणाशी? जोडीदार नव्हता, आणि नसल्यामुळे गणितात एक भलताच प्रकार उद्भवत होता. विचित्र कणांपैकीच एक असलेला उदासीन के-मेसॉन थेट दोन म्युऑनमध्ये फुटावा असं समीकरणं सांगत, प्रत्यक्षात तो जवळजवळ कधीच तसा फुटत नसे. हार्वर्डमध्ये १९७० साली शेल्डन ग्लाशो, जॉन इलिओपुलोस आणि लुचियानो मायानी यांनी यावर तोडगा काढला: चौथा क्वार्क असला तर दोन वाटा एकमेकींना काटतात आणि तो नकोसा क्षय जवळपास नाहीसा होतो. 'चार्म' हे नाव ग्लाशो आणि ब्योर्केन यांनी १९६४ मध्येच सुचवून ठेवलं होतं. चार क्वार्क, दोन जोड्या, एक कोन. नेटकं दिसत होतं.

पण १९६४ मध्येच आणखी एक घटना घडून गेली होती, आणि ती या नेटक्या चित्रात कुठेच बसत नव्हती. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत त्वरकाच्या एका अडगळीच्या कोपऱ्यात, ज्याला तिथले लोक थट्टेने 'इनर मंगोलिया' म्हणत, जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांनी क्रिस्टेन्सन आणि तुर्ले या सहकाऱ्यांबरोबर के-मेसॉनवर प्रयोग मांडला. दुर्बल बल डावं-उजवं सारखं मानत नाही हे कळल्यावर भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतःची समजूत घातली होती: आरसा धरा आणि त्याच वेळी कणाच्या जागी प्रतिकण ठेवा, म्हणजे सगळं पुन्हा जुळतं. या जोड-सममितीला 'सीपी' म्हणतात. ती पाळली जात असेल, तर दीर्घायुषी के-मेसॉन कधीही पायॉन नावाच्या दोन हलक्या कणांमध्ये फुटता कामा नये. ब्रुकहेव्हनच्या चमूने सुमारे २२,७०० क्षय तपासले. त्यांतले ४५ दोन पायॉनचे निघाले.

हजारात दोन. हा आकडा चुकीचा असावा अशी पुष्कळांची इच्छा होती, आणि नाना तऱ्हेची स्पष्टीकरणं सुचवली गेली. आकडा हलला नाही. तीन वर्षांनी आंद्रेई साखारोव्ह यांनी याचा संबंध थेट विश्वाच्या अस्तित्वाशी जोडला. महास्फोटात द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच जन्मलं असेल तर दोघांनी एकमेकांना संपवायला हवं होतं. आपण उरलो, त्या अर्थी निसर्ग कुठेतरी पक्षपात करतो. पण चार क्वार्क आणि एक कोन घेऊन कितीही गणित केलं तरी तो पक्षपात निघत नव्हता.

इथून कथा जपानला जाते. नागोया विद्यापीठातले शोइची साकाता हे वेगळ्याच घडणीचे गुरू. मार्क्सवादी, एंगल्सच्या निसर्गविषयक लिखाणाचे अभ्यासक. पदार्थाच्या एका थराखाली दुसरा थर असतोच, अशी त्यांची तात्त्विक खात्री होती. युद्ध संपल्यावर लगेच, १९४६ मध्ये, नागोयाच्या भौतिकी विभागाने लोकशाही पद्धतीने कारभार चालवण्याची सनद स्वीकारली, त्यामागे तेच होते. साकाता, माकी आणि नाकागावा यांनी १९६२ मध्ये न्यूट्रिनोंच्या मिश्रणाची कल्पना मांडली होती. पश्चिमेकडे क्वार्क हा निव्वळ गणिती सोयीचा प्रकार आहे असं पुष्कळांना वाटत होतं, तेव्हा नागोयात ते खरेखुरे पदार्थ आहेत असं धरूनच चालत. त्यातून १९७१ मध्ये कियोशी न्यू यांना विश्वकिरणांच्या फोटोग्राफिक इमल्शनमध्ये एका जड, अल्पायुषी कणाच्या खुणा दिसल्या. चौथा क्वार्क तो हाच, असं नागोयाचे लोक आपसांत बोलू लागले. उरलेल्या जगाने फारसं लक्ष दिलं नाही.

तोशिहिदे मास्कावा आणि माकोतो कोबायाशी दोघेही नागोयाचे, दोघेही साकातांच्या परंपरेतले. मास्कावांचे वडील साखरेचा व्यापार करत. मुलाने गादीवर बसावं ही त्यांची इच्छा, पण मुलाला त्यात काडीचा रस नव्हता. मास्कावा १९७० मध्ये क्योटोला गेले. कोबायाशी १९७२ मध्ये डॉक्टरेट संपवून तिथेच रुजू झाले. एक बत्तीस वर्षांचा, एक अठ्ठावीसचा. मास्कावा त्या काळात विद्यापीठातल्या कर्मचारी संघटनेच्या कामातही बुडालेले असत. दोघांनी प्रश्न नेमका धरला: दुर्बल आणि विद्युतचुंबकीय बलांना एकत्र आणणाऱ्या वायनबर्ग आणि सलाम यांच्या नव्या सिद्धांताच्या चौकटीत राहून सीपीचा भंग कसा आणता येईल? मास्कावांनी कल्पना मांडायच्या आणि कोबायाशींनी त्या मोजमापांच्या कसोटीवर लावून मोडायच्या, असा क्रम काही आठवडे चालला. चार क्वार्क घेऊन केलेली एकही रचना टिकेना.

मास्कावांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की एका रात्री ते घरी स्नानाच्या टबात होते. चार क्वार्कने जमत नाही, एवढाच नकारात्मक निष्कर्ष लिहून मोकळं व्हावं असं ठरवून ते उठले, आणि उठता उठताच सुचलं: चारचा हट्ट सोडला तर? सहा घेतले तर?

गणित कागदाच्या एका कोपऱ्यात मावणारं आहे. दोन जोड्या असतील तर मिश्रणाचा मॅट्रिक्स दोन-बाय-दोनचा, त्यात चार स्वतंत्र संख्या: एक कोन आणि तीन फेज (लहर किती पुढे-मागे सरकली आहे याचं माप). प्रत्येक क्वार्कची फेज आपल्या मर्जीने ठरवता येते. ती नीट निवडली की तिन्ही फेज पुसल्या जातात आणि एकटा काबिब्बोंचा कोन उरतो. तीन जोड्या घ्या. संख्या नऊ: तीन कोन, सहा फेज. पुसता येतात पाचच. एक फेज उरते, काही केल्या जात नाही. कणाऐवजी प्रतिकण घेतला की या फेजचं चिन्ह उलटतं, म्हणजे कण आणि प्रतिकण यांची वागणूक वेगळी होते. सीपीचा भंग त्या उरलेल्या फेजमध्ये दडलेला आहे.

'प्रोग्रेस ऑफ थिअरेटिकल फिजिक्स' या जपानी नियतकालिकाकडे हा लेख १ सप्टेंबर १९७२ रोजी पोचला आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये छापून आला. जेमतेम सहा पानं. त्यातही बरीचशी जागा चार क्वार्कच्या वेगवेगळ्या रचना तपासण्यात गेलेली. सहा क्वार्कचा पर्याय अगदी शेवटी येतो, इतर पर्यायांसारखाच एक म्हणून. त्या दिवशी जगाला ठाऊक असलेले क्वार्क तीन होते. चौथा हार्वर्डच्या कागदावर आणि न्यू यांच्या इमल्शनमध्ये. आणि हे दोघे शांतपणे सहा म्हणत होते. पहिली दोन वर्षं लेख कोणी फारसा वाचला नाही.

मग घटना भराभर घडल्या. नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेव्हनच्या सॅम्युएल टिंग यांच्या आणि स्टॅनफर्डच्या बर्टन रिश्टर यांच्या चमूंनी एकाच दिवशी नवा कण जाहीर केला. एकाने त्याला 'जे' म्हटलं, दुसऱ्याने 'साय', आणि कोणी माघार न घेतल्याने आजही त्याला जोडनावानेच हाक मारतात. चार्म सापडला होता. पुढच्याच वर्षी मार्टिन पर्ल यांना इलेक्ट्रॉन-म्युऑनच्या जातीच्या, म्हणजे लेप्टॉन गटातल्या, टाऊ या कणाच्या खुणा मिळाल्या. लेप्टॉनच्या तीन जोड्या, तर क्वार्कच्याही तीन का नसाव्यात? मायानींनी, हवाई विद्यापीठातल्या संदीप पकवासा यांनी आणि हिरोताका सुगावारा यांनी त्या जपानी लेखाकडे लोकांचं लक्ष वेधलं. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये लिओन लेडरमन यांच्या चमूने १९७६ मध्ये एक कण सापडल्याचं घाईने सांगून हसं करून घेतलं होतं, पण १९७७ मध्ये त्यांनाच अप्सिलॉन हा कण मिळाला आणि त्यात पाचवा, बॉटम क्वार्क होता. सहाव्याने मात्र अंत पाहिला. टॉप क्वार्क फर्मीलॅबमध्येच सापडला तो १९९५ मध्ये. तो शोधणाऱ्या दोन प्रयोगांपैकी 'डी-झीरो'मध्ये टाटा इन्स्टिट्यूटचे लोकही होते.

सहा क्वार्क असणं ही एक गोष्ट, आणि सीपीचा भंग त्यांच्यामुळेच होतो हे दाखवणं ही दुसरी. ही दुसरी गोष्ट फार अवघड होती. १९८०-८१ मध्ये अ‍ॅश्टन कार्टर, इकारोस बिगी आणि इचिरो सांदा यांनी दाखवलं की बॉटम क्वार्क असलेल्या बी-मेसॉनमध्ये हा पक्षपात हजारात दोन इतका चिमुकला नसून ढळढळीत दिसायला हवा. (यांतले कार्टर पुढे भौतिकी सोडून अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.) पण बी-मेसॉन जगतो सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या दीडपट. त्याच्या जन्माची आणि मृत्यूची वेळ मोजायची कशी?

पिअर ओडोने यांनी १९८७ मध्ये युक्ती सुचवली: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सारख्या ऊर्जेने आदळवायचे नाहीत. एकाला जास्त ऊर्जा द्या, म्हणजे त्यातून निघणारे दोन बी-मेसॉन पुढे फेकले जातील आणि त्यांच्या मृत्यूच्या जागांमध्ये सुमारे दोन-अडीचशे मायक्रोमीटरचं अंतर पडेल. सिलिकॉनच्या संवेदकांना हे अंतर मोजता येतं. वेळ मोजता येत नाही, तर अंतर मोजा. स्टॅनफर्डला 'बाबार' आणि जपानच्या त्सुकुबा इथल्या केईके प्रयोगशाळेत 'बेल' असे दोन प्रयोग १९९९ मध्ये सुरू झाले. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट 'बेल'मध्ये सहभागी होती. आणि ज्या फेजची परीक्षा चालली होती तिचे एक जनक, कोबायाशी, १९७९ पासून केईकेतच नोकरीला होते. निकाल खाली त्वरकात लागायचा आणि वर कार्यालयात ते आपलं रोजचं काम करत असायचे.

दोन्ही चमूंत चढाओढ अशी की आठवड्याचाही उशीर परवडणारा नव्हता. जुलै २००१ मध्ये दोन्ही निकाल आले. पक्षपाताची राशी बाबारच्या मते ०.५९, बेलच्या मते ०.९९, दोघांची अनिश्चितता ०.१४. आकडे एकमेकांपासून चांगलेच दूर होते, तरी मुद्दा निकालात निघाला होता: शून्य दोघांनाही मान्य नव्हतं. माहिती वाढत गेली तशी दोन्ही मापं एकमेकांकडे सरकली आणि आज ती राशी ०.७ च्या जवळ स्थिरावली आहे, सहा पानांच्या त्या लेखातून निघणाऱ्या चौकटीत नेमकी बसणारी.

नोबेल आलं ते ७ ऑक्टोबर २००८ रोजी. अर्धं ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ योइचिरो नांबूंना, उरलेलं अर्धं कोबायाशी आणि मास्कावा यांना. मास्कावांनी वार्ताहरांना सांगितलं की आपल्याला फारसा आनंद झालेला नाही, खरा आनंद प्रयोगांनी सिद्धांत खरा ठरवला तेव्हाच झाला. नांबूंविषयी बोलताना मात्र त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यात कधी जपानबाहेर न गेलेला हा माणूस स्टॉकहोमला जाण्यासाठी प्रथमच परदेशी निघाला आणि तिथलं व्याख्यान त्याने जपानीतच दिलं.

रोममध्ये मात्र खंत होती. ज्याला सगळं जग 'काबिब्बो-कोबायाशी-मास्कावा मॅट्रिक्स' म्हणतं, त्यातलं पहिलंच नाव यादीत नव्हतं. इटलीच्या अणुभौतिकी संस्थेच्या अध्यक्षांनी नाराजी उघड बोलून दाखवली. काबिब्बो स्वतः गप्प राहिले. समितीची बाजू अगदीच टाकाऊ नाही: पारितोषिक मोडलेल्या सममितीसाठी होतं, आणि एकट्या कोनाने सममिती मोडत नाही. पण एका वर्षी तिघांनाच बक्षीस देता येतं, आणि तीन जागा भरताना नांबूंना या दोघांबरोबर बसवण्याची सक्ती कोणी केली नव्हती. नांबूंचं काम वेगळं आणि एवढं मोठं होतं की त्याला एक अख्खं वर्ष मिळालं असतं तरी कोणी तक्रार केली नसती. मग दुसऱ्या वर्षी मॅट्रिक्सच्या तिन्ही नावांना जागा झाली असती.

ऑगस्ट २०१० मध्ये त्रिएस्ते इथल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राने त्या वर्षीचं डिरॅक पदक जाहीर केलं. दुर्बल बलाच्या आकलनातल्या कामासाठी ते दोघांना विभागून होतं: निकोला काबिब्बो आणि ई. सी. जी. सुदर्शन. बलाचं रूप सांगणारा आणि त्याची वाटणी सांगणारा, दोघे प्रथमच एका ओळीत आले. त्याच महिन्यात, १६ तारखेला, रोममध्ये काबिब्बोंचं निधन झालं. सुदर्शन २०१८ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे वारले, मास्कावा २०२१ मध्ये.

काम संपलेलं नाही. कोबायाशी-मास्कावांची फेज खरी आहे, पण विश्वात उरलेल्या द्रव्याचं स्पष्टीकरण द्यायला ती कित्येक पटींनी अपुरी पडते. पक्षपाताचं आणखी एखादं मूळ कुठेतरी असलंच पाहिजे. ते शोधायला त्सुकुबात 'बेल-२' उभा राहिला. त्याच्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर टाटा इन्स्टिट्यूटच्या चमूने जपानमध्येच मुक्काम करून जुळवला, आणि २०१९ पासून तो माहिती गोळा करतो आहे. काबिब्बोंच्या बेरजेचंही पुन्हा ऑडिट चालू आहे. अप क्वार्कच्या डाऊन, स्ट्रेंज आणि बॉटम या तिन्ही वाट्यांच्या वर्गांची बेरीज एक यायला हवी. २०१८ नंतरच्या सुधारित आकडेमोडीत ती एकाहून हजारात एक-दोनने कमी भरते आहे. आकडेमोडीत कुठे चूक आहे, की के-मेसॉनची मोजमापं ढळली आहेत, की चौथा वाटेकरी आहे, यावर सध्या तरी तज्ज्ञांचं एकमत नाही.